स्टेअरिंग बदलायचंय? आधी खालचा प्ले (मोकळी हालचाल) बघा

या महिन्यात जीप, जिप्सी आणि थारवाल्यांच्याच पत्रांची गर्दी आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच: कंपनीचं स्टेअरिंग काढून बाजारातलं दुसरं बसवायचं, तर कोणतं घ्यावं? दुकानाच्या भिंतीवर टांगलेली चाकं बघून मन जातं, हे मला समजतं. पण माझं उभं आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेलं आणि तिथं स्टेअरिंगचं काम चालू असताना कुणी गप्पा मारायचं नाही. ब्रेक गेला तर गिअर उतरवून, हँडब्रेक ओढून काही तरी करता येतं. स्टेअरिंग सुटून हातात आलं तर काहीच करता येत नाही. म्हणून उत्तरं लांबली आहेत. मोहोळच्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच आले आहेत.

प्रश्न: काका, नमस्कार. आमच्याकडं वडिलांच्या वेळची महिंद्रा एमएम ५४० आहे. पॉवर स्टेअरिंग नाही. टायर २३५/७५ आर १५ चे टाकलेत. शेत सीनाकाठी, काळं रान, रोजचं येणं-जाणं पाणंदीनं. मूळ चाकाला तडे गेलेत. मोजलं तर व्यास ४०० मि.मी. भरला. सोलापुरातला दुकानदार म्हणतो, ३३० चं डीप डिश घ्या, ऑफरोडला हेच चालतं. त्याच्याकडं खालून चपटं पण आहे. मित्र लाकडी रिमचं घे म्हणतात. काय करू? – एक वाचक, मोहोळ

उत्तर: ३३० नको. तुमची गाडी, तुमचे टायर आणि तुमची पाणंद बघता ३८० मि.मी.च्या खाली उतरू नका. ४०० चं मिळालं तर तेच घ्या.

जात्याचा खुंटा कडेला का असतो? मध्याजवळ ठोकला तर दळणाऱ्या बाईचे खांदे भरून येतील. कॉलम, म्हणजे स्टेअरिंगखालचा दांडा, फिरवायला जेवढा पीळ लागतो तेवढा लागणारच. चाक लहान केलं की तो हातानं जास्त जोर लावून द्यावा लागतो. ४०० चं ३५० केलं तर सुमारे १४ टक्के जास्त, ३३० केलं तर २१ टक्के. कागदावर हे थोडं वाटेल. पण रुंद टायर टाकून तुम्ही स्टेअरिंग आधीच जड केलंय, आणि बांधाशी अडकलेली गाडी जागेवर वळवायची वेळ आली की हे २१ टक्के खांद्यात कळतात. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जुन्या एसटीचं चाक एवढं मोठं होतं ते याचसाठी. शोभेसाठी नव्हतं.

लहान चाकानं गाडी चटकन वळते, हेही अर्धंच खरं. स्टेअरिंग बॉक्सचं, म्हणजे कॉलमच्या खालच्या दात्यांच्या पेटीचं, गुणोत्तर तेच राहतं, या लॉकपासून त्या लॉकपर्यंतचे (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे) फेरे तेवढेच राहतात. हाताला अंतर कमी कापावं लागतं, एवढंच. त्याची किंमत जोरात मोजायची.

दुसरी गोष्ट झटक्याची. पुढचं चाक दगडावर आपटलं की धक्का टायरॉड, ड्रॅग लिंक (हे दोन्ही चाकं वळवणारे दांडे), बॉक्स, कॉलम असा उलटा चढत हातात येतो. पॉवर स्टेअरिंगमधलं तेल त्यातला बराचसा खाऊन टाकतं. तुमच्या गाडीत तो सरळ पोचतो, आणि लहान चाकावर त्याच हिशेबानं जास्त जोरात पोचतो. म्हणून कच्च्या रस्त्यावर अंगठे रिमच्या आत गुंडाळायचे नाहीत, रिमवरच टेकवून ठेवायचे. फिरून आलेला स्पोक अंगठ्यावर बसला तर हाड मोडतं. चाक घेताना स्पोककडं नीट बघा. कडा गोल केलेल्या हव्यात. भोकं पाडलेले स्पोक फार दिसतात हल्ली. त्यात बोट जाईल एवढं भोक असेल तर ते चाक परत भिंतीला लावायला सांगा.

काळ्या रानातली एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल, शहरातल्या वाचकांसाठी लिहितो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या खोल चाकोऱ्या पाडतात. त्यात पाणी साचलं आणि गाडी चाकोरीत उतरली, की स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच जाते. टायरला कडेचा धर मिळत नाही. चालवणाऱ्याला वाटतं, चाकं सरळ आहेत. पुढं कुठं चाकोरीची कड ढासळलेली असते, तिथं टायर पकडतो आणि गाडी एकदम बांधावर चढते. माणसं पालथी पडतात ती अशी. त्यामुळं चाकं कुठं वळलीत हे एका नजरेत कळलं पाहिजे. रिमच्या वरच्या मध्यावर रंगीत शिवण असलेलं चाक घ्या. नसेल तर तिथं लाल चिकटपट्टी गुंडाळा. तीन स्पोक सारख्या अंतरावर असलेल्या चाकात तर ही खूण फारच गरजेची, कारण ते एक तृतीयांश फेरा फिरलं तरी सारखंच दिसतं.

खालून चपटं चाक शर्यतीच्या गाडीत शोभतं. तिथं थोड्या फिरवण्यात गाडी वळते, हात रिमवरून उचलावा लागत नाही. तुम्हाला कोपऱ्यावर फेऱ्यावर फेरे मारायचेत; हाताखाली गोल येता येता मध्येच सपाट बाजू आली की पकड चुकते. सोडून द्या.

डीप डिशमध्ये रिम मधल्या पत्र्यापेक्षा ७५ ते ९० मि.मी. पुढं येतं. त्यात बॉसची, म्हणजे चाक कॉलमला जोडणाऱ्या तुकड्याची, उंची वेगळी. जीपची सीट ताठ, मागं सरकायला जागा जेमतेम. रिम छातीशी आलं की कोपर बरगड्यांना लागतात, चढता-उतरता मांडी अडकते, इंडिकेटरचा दांडा बोटांपासून लांब जातो. अपघातात छाती आधी त्यावरच आदळते, ते वेगळंच. शिवाय रिम जेवढं लांब तेवढा कॉलमच्या वरच्या बुशवर ताण. उतरताना आपण सगळेच स्टेअरिंगला धरून लोंबतो. तुम्ही सपाट किंवा फार तर ४० मि.मी. खोल घ्या. दुकानात नुसतं चाक हातात धरून अंदाज येत नाही. जुन्या चाकाचं रिम डॅशबोर्डपासून किती लांब आहे ते घरी मोजून जा, मग नवं चाक आणि बॉस एकावर एक ठेवून मोजा.

लाकडी रिम मलाही आवडतं. संग्रहातल्या, रविवारी सकाळी बाहेर काढायच्या जीपला ते लावावं. पण घामानं ते निसटतं आणि जोराचा आघात झाला तर त्याच्या चिरफळ्या होतात. मऊ कातडं, ज्याला सुएड म्हणतात, ते आपल्या धुळीत टिकत नाही. धूळ आणि घाम बसून त्याचं चकचकीत फडकं होतं. जाड, साधं, न चकाकणारं कातडं चालेल. मात्र चिखलाच्या हातानं चालवणाऱ्यानं पीयूचं, म्हणजे पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या कड्यावर ओतलेलं घट्ट रबरासारखं रिम घ्यावं. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. स्वस्तातलं पीयू एप्रिलच्या उन्हात चिकट होतं, म्हणून दुकानदाराकडून ते चार-आठ दिवस उन्हात ठेवून बघायच्या बोलीवर घ्या. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही. स्पोक काळे, मंद रंगाचे हवेत. चकचकीत ॲल्युमिनियमचे स्पोक उघड्या जीपमध्ये दुपारी डोळ्यांवर तिरीप मारतात आणि हाताला चटका देतात. गाडी उन्हात लावली की स्टेअरिंगवर आपला सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून टाकायचा. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला बाजारात खूप आहेत. नाव बघून फसू नका, हातानं तपासा. चाक उभं जमिनीवर टेकवा, दोन्ही हातांनी वरून दाबा. रिम दबून परत आलं तर ठीक. कुरकुरलं किंवा वाकून राहिलं तर नको. मग घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून एक हात पुढं, एक मागं असा पीळ द्या. आतल्या कड्यावर वरचं आवरण सरकता कामा नये. मधल्या पत्र्याची सहाही भोकं स्वच्छ, सारख्या कडेची हवीत.

त्या भोकांचंही एक गणित आहे. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या चाकांची सहा भोकं ७० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. नार्डी आणि पर्सनल यांची ७४ वर. बाजारातली बहुतेक चाकं यांतलाच एखादा हिशेब उचलतात. चार मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, बसवताना कळतो. मग कारागीर कानस घेऊन भोकं लांबवतो आणि 'बसलं बघा' म्हणतो. लांबवलेल्या भोकात स्क्रू पकडून राहत नाही, घासत राहतो. असं चाक स्वीकारू नका. बॉस ७० चा आहे की ७४ चा, की दोन्ही आटे पाडलेला, हे आधी विचारा.

बॉस म्हणजे कॉलमच्या दात्यांवर बसणारा मधला तुकडा. चाक चार ठिकाणी मिळेल. तुमच्या कॉलमच्या दात्यांना आणि टेपरला (निमुळतेपणाला) बरोबर बसणारा बॉस मिळणं अवघड. आधी बॉस, मग चाक, असा क्रम ठेवा. बॉस मिळत नाही म्हणून जुन्या स्टेअरिंगचा मधला भाग कापून त्यावर पट्टी वेल्ड करून देणारे आहेत. त्यांना हात जोडून नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेनं मूळ धातूचा कणखरपणा बदलतो, आणि तडा नेमका सांध्याच्या कडेला, आतल्या बाजूनं धरतो. तो वरून दिसत नाही. बॉस नाहीच मिळाला तर याच मॉडेलचं नवं किंवा चांगल्या स्थितीतलं मूळ चाक शोधा. तेही उत्तम.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पैसे देण्याआधी प्ले बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी हालचाल असता कामा नये. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ. रिमला चिकटपट्टीची खूण करा. एकानं दोन बोटांनी स्टेअरिंग हळू फिरवायचं, दुसऱ्यानं पुढच्या टायरकडं बघत बसायचं. टायर हलला की थांबा. मग उलट्या बाजूला तसंच. तुमच्या ४०० च्या चाकावर ३० अंश म्हणजे रिमवर जवळपास १०५ मि.मी. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. चांगल्या जीपमध्ये याच्या निम्म्यानंही माझ्या कपाळाला आठ्या पडतील.

इथंच लहान चाक फसवतं. ३५० च्या चाकावर तेच ३० अंश ९२ मि.मी. दिसतात. मालकाला वाटतं, नवं स्टेअरिंग लावल्यावर गाडी आवळ झाली. खाली टायरॉड एंड तेवढाच ढिला आहे. म्हणून प्ले मोजताना मिलिमीटर नको, अंश धरा.

प्ले सापडला तर खाली झोपून एकेक सांधा हातात धरून बघा, वर कुणाला तरी स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा. टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, किंगपिनचे बेअरिंग. बॉक्स चासीला ज्या बोल्टनं आवळलाय ते बोल्ट आणि त्या जागी चासीला गेलेला तडा मात्र कुणी बघत नाही, तुम्ही बघा. रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्यातून काळी माती आत जाऊन वाटण्यासारखं काम करते. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवणं सोपं दिसतं, पण सांधे ढिले ठेवून तो आवळला की बॉक्स मध्यावर घट्ट होतो, वळणानंतर स्टेअरिंग स्वतः परत येत नाही आणि बॉक्सचे दाते खाल्ले जातात. आधी सांधे, शेवटी स्क्रू. हे सगळं झाल्यावर कदाचित तुम्हाला जुनंच चाक हलकं लागेल. तसं झालं तर तडे गेलेलं चाक बदला, पण मापाचंच घ्या.

प्रश्न: काका, माझी नवी थार आहे, एमएच-१३. मला तीन स्पोकचं रेसिंग स्टेअरिंग टाकायचंय. एअरबॅगचा दिवा लागू नये म्हणून एक रेझिस्टर टाकतात म्हणे. सुट्टीत मित्रांबरोबर नान्नजकडच्या माळावर गाड्या घालतो. कोणतं चाक सुचवाल? – एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर: बाळा, कोणतंच नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या थारच्या स्टेअरिंगमध्ये तुझ्या छातीसाठी एक पिशवी घडी घालून ठेवली आहे. टक्कर झाली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तू ते चाक काढलंस की ती पिशवी गाडीत नाही. त्या जागी धातूचं कडं आणि सहा स्क्रू आहेत.

रेझिस्टर काय करतो ते समजून घे. एअरबॅगचा कंट्रोलर पिशवीच्या वायरिंगमधला विरोध सतत तपासत असतो. तो जुळला नाही की दिवा लावतो. रेझिस्टर त्याला खोटं सांगतो की पिशवी जागेवर आहे. दिवा विझतो, पिशवी येत नाही. उद्या गाडी विकलीस तर घेणाऱ्यालाही ते कळणार नाही, त्याचं कुटुंब त्या गाडीत बसेल. आणि रेझिस्टर टाकला नाहीस, दिवा लागलेलाच ठेवलास, तर सीटबेल्ट खेचून धरणारं प्रीटेन्शनर त्याच कंट्रोलरच्या हुकमात असतं. त्या व्यवस्थेवर मग भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळेल ते वेगळं. पण दंड नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

रिमची पकड बदलायची असेल तर मूळ चाकावरच जाड कातडं शिवून घे. मधल्या एअरबॅगच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही, त्यावर स्टिकरसुद्धा चिकटवायचा नाही. कातडं शिवणारा चाक काढून मागत असेल तर ते काम कंपनीच्या कार्यशाळेतच होऊ दे. बॅटरी सोडल्यावरही त्या व्यवस्थेत काही काळ वीज साठून राहते, आणि चाकाच्या मागं क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. ती मध्यावर न ठेवता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणावर तुटते.

नान्नजबद्दल कळकळीनं लिहितो. तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, उघड्या माळावर. टिटवी, धाविक, चंडोल हेही तिथंच घालतात. टायरखाली काय गेलं ते गाडीत बसून कळत नाही. माळ मोकळा दिसतो, पण तो रिकामा नाही. गाडीची हौस फेडायला आपल्या जिल्ह्यात शेतं आणि पाणंदी कमी नाहीत. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, पीक निघाल्यावर त्याच्या रानात जा.

प्रश्न: माझी १.३ लिटरची जिप्सी आहे. ३६० चं स्टेअरिंग बसवून घेतलं. आता डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजतो, उजवा इंडिकेटर वळणानंतर बंद होत नाही, आणि गाडी सरळ जाताना स्टेअरिंग थोडं तिरकं राहतं. कारागीर म्हणतो, काढून एक दाता सरकवून लावू. – एक वाचक, बार्शी

उत्तर: तिन्ही तक्रारी बसवण्याच्या आहेत, चाक दोषी नाही.

हॉर्न आधी. बॉसमधून येणारी हॉर्नची वायर बहुधा चाक आणि बॉसच्या मध्ये चिमटली आहे, किंवा बॉसमागचं कडं एका बाजूला घासतंय. हॉर्नच्या बटणाला जुन्या गाड्यांत फक्त अर्थ (अर्थिंग) द्यायचा असतो; वायरचं आवरण कुठं सोललं आणि लोखंडाला टेकलं की हॉर्न वाजणारच. उलट, हॉर्न अजिबात वाजत नसेल आणि कॉलममध्ये रबरी जोड असेल, तर त्या रबरावरून अर्थ पलीकडं जातो का ते बघायचं. हे दुसरं ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी.

इंडिकेटर बंद करणारी खीळ बॉसच्या मागं असते. ती कॉलमवरच्या खाचेत बसली नसेल, किंवा बॉस फिरवून लावला असेल, तर एका बाजूचा इंडिकेटर तसाच राहतो.

तिरकं स्टेअरिंग मात्र नुसता दाता सरकवून सरळ करू नका. बॉक्सला स्वतःचा एक मध्य असतो. त्या जागी दात्यांमधली मोकळीक सगळ्यांत कमी, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी तिथंच असायला हवी. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडं किती फेरे होतात ते मोजा, बरोबर निम्म्यावर आणा. हा बॉक्सचा मध्य. तिथं पुढची चाकं सरळ नसतील तर ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करून ती सरळ आणा. मग शेवटी चाक सरळ बसवा. कारागिराला एवढं सांगा, जाणता असेल तर लगेच मान डोलवेल.

आणि चाक काढताना पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, वापरायला लावा. दांड्यावर हातोडा मारून काढलेलं स्टेअरिंग मी पाहिलं की पोटात गोळा येतो. आत बेअरिंग असतात, आणि अपघातात दबून चालकाला वाचवणारा कॉलम असेल तर हातोड्यानं तो तिथल्या तिथं निकामी होतो. मधला नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच, टॉर्क पान्यानं आवळायचा. सहा स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून. पहिले काही शे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासायचे.

प्रश्न: मी पशुवैद्यक आहे. मंगळवेढा भागात वाड्या-वस्त्यांवर जावं लागतं. जुनी बोलेरो आहे, पॉवर स्टेअरिंग आहे, एअरबॅग नाही. माझी उंची कमी, हात लहान. दिवसाअखेर मनगटं दुखतात. जाड ग्रिपचं स्टेअरिंग घेतलं तर आराम पडेल का? – एक वाचिका, मंगळवेढा

उत्तर: ताई, जाड नको, उलट बारीक घ्या. दुकानात चाक हातात धरा. अंगठा आणि मधलं बोट रिमभोवती एकमेकांना टेकलं किंवा टेकत आलं पाहिजे. लहान हाताला ३० मि.मी.च्या आतली जाडी बरी. जाड रिम पूर्ण मुठीत येत नाही, म्हणून आपण ते दाबून धरतो, आणि दिवसभर दाबून धरण्यानं मनगट दुखतं. त्यावर फोमचं कव्हर घातलं असेल तर आजच काढा. ते जाडी वाढवतं आणि वर आतल्या आत सरकतं.

तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग आहे, त्यामुळं ३७० किंवा ३८० चं चाक जड जाणार नाही. पण आधी सीट. पाठ पूर्ण टेकवून बसा, हात सरळ पुढं करा. मनगट रिमच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर तुम्ही खांदे उचलून चालवताय. उंची कमी असणाऱ्या माणसांची अडचण अशी की पेडलला पाय पोचावा म्हणून पुढं सरकलं की छाती चाकाला लागते. छाती आणि स्टेअरिंगच्या मध्यात निदान २५ सेंटिमीटर ठेवा. ते जमत नसेल तर सीटची पाठ थोडी मागं कलती करा, आणि त्यानं रस्ता नीट दिसत नसेल तर सीट मिस्त्रीकडून उंच करून घ्या. चाक बदलण्यापेक्षा हे काम जास्त गुण देईल. आणि हो, लहान चाक लावल्यावर तुमच्या उंचीवरून तेलाचा आणि इंजिनच्या तापमानाचा दिवा दिसतो का, ते दुकानाबाहेरच बसून बघा. रिमची वरची कड नेमकी तिथं आड येते. वस्तीवरून रात्री परतताना तो दिवा दिसायलाच हवा.

टायरची हवाही तपासून घ्या. पुढं हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं आणि आपल्याला वाटतं, हातच थकलाय. एवढं करूनही दुखणं राहिलं तर मनगट डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. जनावरांच्या प्रसूतीत तुमच्या हातांवर किती भार येतो हे मी गावाकडं पाहिलंय.

प्रश्न: उघडी जीप रात्री दारात उभी असते. चोरी होऊ नये म्हणून झटक्यात निघणारं, क्विक रिलीजचं स्टेअरिंग लावून ते घरात नेलं तर? – एक वाचक, अक्कलकोट

उत्तर: रस्त्यावरच्या गाडीला लावू नका. त्या जोडात आणखी एक सरकता सांधा येतो. धूळ गेली की तो कुरकुरतो, झिजला की प्ले देतो, आणि घाईत बसवताना लॉक पूर्ण बसलं की नाही याची खात्री फक्त तुमच्या सवयीवर राहते. चोरीसाठी बॅटरीचा कट-ऑफ स्विच सीटखाली लपवून बसवा आणि क्लच-ब्रेकचे पेडल एकत्र धरणारं कुलूप घ्या. दोन्ही मिळून चांगल्या बॉसपेक्षा स्वस्त पडतील.